फ्रीझरमधला बर्फ आणि मे महिन्यातला कूलर

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल बाहेरगावच्या नातेवाइकांना फक्त त्याचा आकडा ठाऊक असतो. पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेल्याची बातमी आली की त्यांचे फोन येतात आणि आम्ही अजून जिवंत आहोत याची ते खात्री करून घेतात. या उन्हाळ्यात राहणाऱ्याला मात्र आकड्यापेक्षा त्याचा कोरडेपणा अधिक जाणवतो. गच्चीवर टाकलेली जाड चादर चहा होईपर्यंत वाळते, कुरडया एका उन्हात खणखणीत होतात, झोपेतून उठल्यावर घसा खरखरतो आणि दाराच्या लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसतो. अशा या महिन्यात आमच्या स्वयंपाकघरातील फ्रीझरमध्ये बर्फाचे थर चढत होते. पावसाळ्यात असे झाले असते तर कोणी त्याचा विचारही केला नसता. पण बाहेर झाडाचे पान करपत असताना फ्रीझरच्या आत बोटभर जाडीचा बर्फ साचावा, याला काही तरी कारण असणार हे उघड होते. त्या बर्फातले पाणी कुठून येते, एवढ्या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला की बाकीची उत्तरे बरीचशी आपोआप मिळत जातात, असे माझे मत झाले आहे. आणि दुरुस्तीच्या व्यवहारात नेमका हाच प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

आमच्या घरात दोन फ्रीज आहेत. एक आईचा, एका दाराचा, जुना आणि कुरकुर करणारा. त्यात हिवाळ्यात तुरीचे सोले आणि वाटाणे भरून ठेवले जातात व उन्हाळाभर पुरवून वापरले जातात. दुसरा दोन दारांचा, ज्यात बर्फ साचतच नाही असे विकत घेताना सांगितले जाते. दोघांनी एकाच वैशाखात तक्रार सुरू केली, हे विशेष. दोन वेगवेगळ्या रचनेची यंत्रे एकाच वेळी एकाच प्रकारे बिघडली तर यंत्रांबरोबरच ती ज्या खोलीत उभी आहेत त्या खोलीचीही चौकशी केली पाहिजे. तिच्याकडे मी पुढे येतोच. त्याआधी बर्फाचे थोडे गणित मांडणे भाग आहे.

हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ ती सामावून घेऊ शकते. ३० अंश सेल्सिअसच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ मावते. फ्रीझरचे नेहमीचे तापमान जे उणे १८ अंश, त्या तापमानाच्या तेवढ्याच हवेत जेमतेम एक ग्रॅम. फ्रीझरचे दार उघडले की आतील गार, जड हवा खाली सांडते, जी आपल्याला पायांच्या बोटांवर जाणवते, आणि तिच्या जागी खोलीतील हवा वरच्या बाजूने आत शिरते. दार लागल्यावर त्या हवेला आपल्याजवळची जवळजवळ सारी वाफ सोडून द्यावी लागते आणि ती वाफ आतील सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसते. तिचे आधी पाणी होऊन मग बर्फ होतो असे नाही. वाफेचा थेट बर्फ होतो. ट्रेमध्ये पाण्याचा केलेला बर्फ घट्ट व बराचसा पारदर्शक असतो, तर हा बर्फ पांढरा आणि भुसभुशीत असतो, कारण त्याच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते. एका वेळी दार उघडल्याने साचणारा बर्फ एक ग्रॅमच्या आतबाहेरच असतो. परंतु सुट्टीत मुले घरी असली, दर थोड्या वेळाने कोणाला तरी सरबतासाठी बर्फाचा खडा हवा असला, की महिन्याकाठी हा हिशेब पाव-अर्धा किलो सहज ओलांडतो. शिवाय हे फक्त उघडलेल्या दाराचे झाले. न लागलेल्या दाराचा हिशेब याहून वाईट असतो, कारण ते रात्रभर चालू राहते.

फ्रीझरला हा बर्फ दोन प्रकारे महाग पडतो. एक किलो पाणी गोठवताना सुमारे ३३४ किलोजूल उष्णता बाहेर काढावी लागते. तेवढीच वाफ थेट बर्फ होऊन बसली तर मात्र सुमारे २,८०० किलोजूल. म्हणजे तोच एक किलो बर्फ ट्रेमध्ये करण्यापेक्षा भिंतीवर साचू देणे यंत्राला कितीतरी अधिक कष्टाचे असते. त्यानंतर हा भुसभुशीत थर उष्णतेची वाट अडवतो. ताज्या, हवा भरलेल्या बर्फातून उष्णता जितकी वाहते ती ॲल्युमिनियमच्या तुलनेत हजाराव्या भागाएवढीच असते, त्यामुळे कॉईल, म्हणजे आत थंडी निर्माण करणारी गॅसची वाट, आपले काम करीत असली तरी तिच्यावर जणू गोधडी पांघरलेली असते. आत बर्फ खूप दिसतो आणि तरीही कुल्फी मऊ राहते, याचे कारण हे आहे.

आईच्या फ्रीजमध्ये हे सारे डोळ्यांसमोर घडते, आणि त्याबद्दल मला त्या जुन्या यंत्राविषयी आदर आहे. एका दाराच्या फ्रीजमध्ये वरचा फ्रीझरचा कप्पा हीच कॉईल असते: ॲल्युमिनियमचे दोन पत्रे एकमेकांवर दाबून त्यांच्यामध्ये नागमोडी वाटा ठेवलेल्या असतात आणि त्यांतून गॅस फिरतो. त्यामुळे बर्फ साचणार तो समोरच, आणि साचणे हा त्या रचनेचा दोष नव्हे. थर्मोस्टॅटच्या गोल बटणाच्या मधोमध एक लहान कळ असते. ती दाबली की कम्प्रेसर थांबतो, बर्फ वितळून कप्पा पुरेसा गरम झाला की कळ आपोआप वर येते आणि फ्रीज पुन्हा चालू होतो. थर बोटाच्या जाडीचा झाला की कळ दाबायची, असा आईचा नियम आहे, आणि तिने तो कोणत्याही माहितीपुस्तिकेतून घेतलेला नाही. एरवी वर्षातून मोजक्या वेळा लागणारी ही कळ त्या मे महिन्यात आठवड्याला दाबावी लागू लागली.

इथे एका सवयीबद्दल कठोर बोलल्यावाचून राहवत नाही. बर्फात रुतून बसलेला डबा काढण्यासाठी सुरी, उलथणे किंवा पेचकस घेऊन फ्रीझरच्या भिंतीवर घाव घालणारी माणसे मी चांगल्या सुशिक्षित घरांत पाहिली आहेत. ज्या पत्र्यावर आपण टोचतो आहोत त्याच्या आत गॅसची वाट आहे, आणि तो पत्रा पातळ आहे. एकदा भोक पडले की क्षणभर फुस्स असा आवाज येतो आणि दुरुस्तीचा खर्च फ्रीजच्या किमतीशी स्पर्धा करू लागतो. त्यातही अलीकडच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन, हा ज्वलनशील वायू असतो. त्याचे प्रमाण ग्रॅमांतच मोजण्याइतके असले तरी शेजारी शेगडी पेटलेली असताना त्याला बाहेर येऊ देण्यात शहाणपण नाही. घाईच असेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचे पातेले ठेवावे, दार लावून घ्यावे आणि दुसरे काही काम करावे.

दोन दारांच्या फ्रीजमध्ये बर्फ साचत नाही हे विक्रेत्याचे वाक्य अर्धेच खरे आहे. तिथे बर्फ साचतो, पण आपल्याला न दिसणाऱ्या जागी, आणि दिवसातून काही वेळा तो आपल्या नकळत वितळवला जातो. फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलआड कॉईल असते. एक लहान पंखा तिच्यावरून हवा ओढून फ्रीझरमध्ये फिरवतो आणि त्यातलाच काही भाग एका बोगद्यातून खालच्या कप्प्यात सोडतो. खालच्या कप्प्याला स्वतःची थंडी नसते, वरून येईल तेवढीच त्याची कमाई. ठरावीक तास कम्प्रेसर चालला की टायमर, किंवा नव्या फ्रीजमध्ये इलेक्ट्रॉनिक सर्किट, त्याला थांबवतो आणि कॉईलखालचा हीटर सुरू करतो. बर्फाचे पाणी होऊन ते पन्हाळीतून ड्रेन पाइपमध्ये, तिथून कम्प्रेसरवरच्या उथळ भांड्यात उतरते आणि कम्प्रेसरच्या उष्णतेनेच उडून जाते. कॉईल पुरेशी गरम झाल्यावर बायमेटल नावाचे एक बटणाएवढे साधन हीटरचा पुरवठा तोडते, आणि तेही चुकले तर शेवटची राखण म्हणून थर्मल फ्यूज असतो. या साखळीतील एक दुवा निखळला की वितळणे बंद होते आणि साचणे मात्र चालूच राहते.

आमच्याकडे याचे पहिले लक्षण खालच्या कप्प्यात दिसले. सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळच्या चहाला नासू लागले आणि गोकुळपेठ बाजारातून आणलेला सांभार, म्हणजे कोथिंबीर, दुसऱ्या दिवशी मान टाकू लागला, पण वरच्या फ्रीझरमध्ये बर्फ व्यवस्थित होत होता. त्यानंतर काही दिवसांनी मागच्या पॅनेलवर पांढरी साय धरली आणि पंख्याचा आवाज बदलला. पाते कशाला तरी घासत असावे असा खरखरीत, थांबून थांबून येणारा आवाज. फोन केल्यावर आलेल्या पहिल्या कारागिराने खालच्या कप्प्यात हात घातला, मागे वाकून कम्प्रेसरला कान दिला आणि पॅनेल न उघडताच निकाल सांगितला की गॅस संपला आहे, भरावा लागेल.

हा निकाल आपल्याकडे फ्रीजच्या प्रत्येक आजारावर दिला जातो आणि ऐकणाराही तो निमूटपणे मान्य करतो, कारण गॅस हा शब्द आपल्याला सिलिंडरमुळे परिचित आहे आणि सिलिंडर संपतो. फ्रीजमधला गॅस खर्च होत नाही. तो चहूबाजूंनी बंद केलेल्या नळ्यांतून द्रव होत, पुन्हा वायू होत फिरत राहतो; पंधरा-वीस वर्षांनंतरही पहिल्या दिवशी भरलेला तोच गॅस आत असलेले फ्रीज कितीतरी आहेत. फ्रीजच्या मागील पट्टीवर गॅसचे नाव आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. ते कमी झाले असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता नवा गॅस भरणे म्हणजे काही महिन्यांनी पुन्हा भेटण्याची सोय करून ठेवणे. पण आमच्या बाबतीत मुळात तसे नसावे असे म्हणायला आधार होता. गॅस कमी झाला तर दोन्ही कप्पे हळूहळू गरम होतात, फक्त खालचा नाही. त्याहून निर्णायक गोष्ट अशी की आम्ही प्लग काढून, दोन्ही दारे उघडी टाकून फ्रीज एक पूर्ण दिवस तसाच ठेवला, तेव्हा खालून भरपूर पाणी निघाले आणि त्यानंतर आठवडाभर तो नव्यासारखा चालला; मग पुन्हा तेच रडगाणे. गळून गेलेला गॅस प्लग काढून ठेवल्याने परत येत नाही. परत मिळाली ती हवेची वाट, बर्फाने बुजलेली. पूर्ण वितळवल्यावर काही दिवस उत्तम चालणारा आणि मग पुन्हा अडणारा फ्रीज जवळजवळ नेहमी वितळवण्याच्या साखळीतच कुठेतरी अडलेला असतो, ही खूण कोणीही घरबसल्या पडताळू शकतो आणि तिला एक पैसाही लागत नाही.

बर्फ खरवडून टाकण्याच्या आधी तो कुठे आणि कसा बसला आहे हे पाहून घ्यावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. एकदा वितळला की पुरावा वाहून जातो. दाराच्या कडेला, एखाद्या कोपऱ्यात बर्फाची झालर धरली असेल तर तिथून हवा आत येत आहे. सामानाच्या पिशव्यांवर हलकी, साखर भुरभुरल्याप्रमाणे पांढरी पूड दिसत असेल तर दार वारंवार उघडले जात आहे किंवा वाफाळते जिन्नस आत ठेवले जात आहेत. फ्रीझरच्या तळाशी घट्ट, पारदर्शक लादी झाली असेल तर ते वाफेचे काम नव्हे. वितळलेले पाणी ड्रेनमध्ये न जाता तिथेच गोठत आहे, म्हणजे भोक बुजले आहे आणि सिरिंजने कोमट पाणी सोडून ते मोकळे करता येते. वाटाण्याच्या पाकिटाच्या आतल्या बाजूला साचलेले स्फटिक मात्र बाहेरून आलेले नसतात, ते वाटाण्यांचेच पाणी असते. गोठलेल्या पदार्थातूनही ओलावा हळूहळू उडत राहतो आणि पिशवीत हवा जास्त राहिली असेल तर तो तिच्या कडांवर बसतो. आईचे सोले फेब्रुवारीत टपोरे आणि जूनमध्ये सुरकुतलेले निघतात त्यामागे हेच आहे, आणि पिशवीतली हवा दाबून काढून टाकल्यावर त्यात निश्चित फरक पडला.

दाराचे रबर तपासण्याची जुनी रीत अजूनही सर्वांत चांगली आहे. दहाची नोट रबर आणि चौकट यांच्यामध्ये धरून दार लावावे आणि नोट ओढावी. ती अडून अडून निघाली तर रबर धरत आहे, सळकन निघाली तर तिथे फट आहे. चारही बाजूंनी, विशेषतः बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात, ही परीक्षा घ्यावी लागते, कारण रबर पुष्कळदा तिथेच आधी कडक होते. रात्री दिवे मालवून मोबाईलचा टॉर्च आत चालू ठेवून दार लावले तर फट दिसतेही. रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसून, गरम पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून पुष्कळदा पुन्हा आकारात येते. त्याच्या वळ्यांत साचलेले पीठ, साखर आणि आंब्याच्या रसाचे ओघळ काढल्याने जेवढा फरक पडतो तेवढा नवीन रबराने पडतो असे सांगणारे लोक मला भेटले आहेत, आणि ते फार अतिशयोक्ती करत नव्हते.

शहरातल्या महाल भागातून आलेल्या दुसऱ्या कारागिराने गॅसचे नावही काढले नाही. त्याने आधी फ्रीझर रिकामा करवला, पॅनेलवरच्या स्क्रूंची प्लास्टिकची टोपणे नखाने उचकटली, स्क्रू काढून एका वाटीत ठेवले आणि मग थांबला. पॅनेल बर्फाने मागच्या बाजूला चिकटले होते. ते ओढले असते तर कडा तुटल्या असत्या. त्याने गरम पाण्याचे फडके पॅनेलवर धरून ठेवले, कड हळूच सुटू दिली आणि पॅनेल बाहेर घेतले. आत कॉईल दिसतच नव्हती. जिथे ॲल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची रांग असायला हवी होती तिथे एक पांढरा ठोकळा होता, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, आणि पंख्याच्या पात्याने त्याच्या एका कडेला गोल खाच पाडली होती. तो खरखर आवाज त्या खाचेचा होता.

"हे पहा जी," तो म्हणाला, "सारीकडं सारखा बर्फ आहे. गॅस कमी असता तं अर्धी कॉईल कोरडी रायली असती."

त्याचे हे एक वाक्य मला त्या दिवसाच्या मजुरीइतके मोलाचे वाटले. गॅस अपुरा असला की तो कॉईलच्या सुरुवातीच्या भागातच उकळून संपतो, तेवढाच भाग थंड होतो आणि तेवढ्याच भागावर बर्फ धरतो. पुढची कॉईल उघडी राहते. एकसारखा थर म्हणजे गॅस पुरेसा आहे आणि वितळवणारेच कोणीतरी झोपले आहे. बर्फ उतरल्यावर त्याने मीटरने हीटर तपासला, तो शाबूत होता. फ्यूजही शाबूत होता. बायमेटलवर मीटरची टोके ठेवल्यावर काटा हलला नाही. "हाच गेला असेल," असे मी म्हणालो, तेव्हा त्याने मान हलवली आणि आईकडे बर्फ व मीठ मागितले.

बायमेटल थंडीत जोडले जाते आणि उष्णतेत तुटते. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात, बर्फ उतरलेल्या कॉईलवरून काढलेले बायमेटल चांगले असले तरी ते तुटलेलेच दाखवणार. ते तपासायचे तर आधी गार केले पाहिजे, आणि नुसत्या बर्फाने भागत नाही, कारण वितळणारा बर्फ शून्य अंशावर राहतो आणि हे साधन सहसा शून्याच्या बरेच खाली गेल्यावर जोडले जाते. मीठ मिसळले की तोच बर्फ शून्याच्या पुष्कळ खाली उतरतो. कुल्फीच्या मटक्यात आपण नेमके हेच करत असतो. त्याने आईच्या जुन्या फ्रीजमधला बर्फ स्टीलच्या पेल्यात ठेचून घेतला, मूठभर जाडे मीठ कालवले, बायमेटल प्लास्टिकच्या लहान पिशवीत घालून त्यात दाबले आणि तो चहा पिऊ लागला. पेल्याच्या बाहेरून पांढरे दहिवर चढले. बराच वेळ गेल्यावरही मीटर गप्पच होते. मग त्याने आपल्या डब्यातले नवे बायमेटल तसेच पिशवीत घालून पेल्यात ठेवले, आणि थोड्या वेळाने अगदी बारीक, नखाने नखावर टिचकी मारावी असा आवाज आला व मीटर वाजू लागले. "आता गेला म्हणा," तो म्हणाला. नव्या सुट्या भागाचीही आधी परीक्षा घेणारा कारागीर मी क्वचितच पाहिला आहे.

काम संपवून हात धुताना त्याने सहज विचारल्यासारखे विचारले, "कूलर कुठं लावला जी?"

कूलर बैठकीच्या खिडकीत होता आणि त्याचा झोत बोळकांडीतून थेट स्वयंपाकघरात येत होता, दोन्ही फ्रीजच्या दारांवर. मेच्या दुपारी बाहेरची हवा ४४ अंशांची आणि तिची सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असली तर तिच्या एका घनमीटरमध्ये सुमारे ९ ग्रॅम वाफ असते. हीच हवा कूलरच्या ओल्या वाळ्यातून किंवा गवतातून गेली की २८ अंशांपर्यंत उतरते, पण ती गार होते ती पाणी उडवूनच. आत येताना ती घनमीटरमागे १६ ते १७ ग्रॅम वाफ घेऊन येते. आपण टाकीत ओततो त्या बादल्या दुसरीकडे कुठे जात नाहीत. म्हणजे बाहेर नवतपा, मे अखेरचे ते सर्वांत तापलेले नऊ दिवस, चालू असताना आमच्या स्वयंपाकघरातली हवा पावसाळ्याच्या वाटेवर जवळजवळ निम्मी पुढे गेलेली होती, आणि दार उघडले की तीच हवा फ्रीझरमध्ये शिरत होती. दोन्ही फ्रीज एकाच वेळी का तक्रार करू लागले याचा उलगडा इथे होतो, कारण दोघांचे पाणी एकाच टाकीतून येत होते.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात आली. बायमेटल मे महिन्यात बिघडले असे समजण्याचे काही कारण नाही. जानेवारी-फेब्रुवारीत इथली हवा कोरडी असते, आत येणारी वाफ थोडी असते, सरबतासाठी कोणी दार उघडत नाही. त्या दिवसांत वितळवण्याची साखळी बंद पडलेली असली तरी कॉईल बुजायला कितीतरी आठवडे लागले असते, आणि मधेच एखाद्या वेळी वीज बराच वेळ गेली तर साचलेला बर्फ आपोआप उतरूनही गेला असता. कूलर सुरू झाला आणि तेच काम आठवड्यात होऊ लागले. तो कारागीर म्हणाला की उन्हाळ्यात ‘थंड होत नाही’ अशा तक्रारीवर तो जातो त्या घरांत फ्रीजकडे वळण्याआधी कूलरची तोटी आणि खिडक्या पाहतो.

खिडक्यांचा मुद्दा महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे त्याबाबत एक पक्का गैरसमज आहे. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून कूलर लावल्यावर आपण घराच्या सर्व खिडक्या लावून घेतो. एसीसाठी ते बरोबर आहे. कूलर मात्र सतत नवी हवा आत ढकलतो आणि तिच्यासोबत पाणी. समोरच्या बाजूने तिला बाहेर जायला वाट नसेल तर ओलावा साचत जातो, कूलरचा गारवाही कमी होतो, कारण आधीच ओल्या हवेतून आणखी पाणी उडत नाही, आणि दुपारनंतर घामाने चिकचिक सुरू होते. आम्ही स्वयंपाकघराच्या मागची खिडकी चार बोटे उघडी ठेवू लागलो आणि बोळकांडीच्या तोंडाशी जाड पडदा लावला. पडद्याला आईचा विरोध होता. पोळ्या करताना झोत हवाच, असे तिचे म्हणणे. पण त्याच झोताने शेगडीची आच फडफडते आणि पोळी एका बाजूला कच्ची राहते हे तिचेच दुसरे म्हणणे असल्याने तो विरोध फार टिकला नाही.

आईच्या फ्रीजचे मूळ दुखणे वेगळेच निघाले. फ्रीझरच्या कप्प्याला आत जे लहान झाकणवजा दार असते त्याची स्प्रिंग तुटली होती आणि ते दोन बोटे उघडेच राहत होते. खालच्या कप्प्यात झाकण न घातलेले वरण, धुऊन न निथळलेली पालेभाजी, पाण्याने भरलेले तांबे यांतून उडणारा सगळा ओलावा त्या फटीतून वर जाऊन कॉईलवर बसत होता. या जुन्या मॉडेलचे झाकण आता मिळत नाही असे सीताबर्डीच्या दोन दुकानांत सांगण्यात आले. शेवटी त्या कारागिरानेच दुसऱ्या कुठल्याशा झाकणाची स्प्रिंग कापून बसवली. ती फार देखणी दिसत नाही, पण झाकण लागते. याखेरीज फ्रीज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. फ्रीजच्या मागील पट्टीवर हवामानाचा जो वर्ग लिहिलेला असतो त्यात ‘टी’ हा वर्ग ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी असतो. नागपुरात गच्चीखालच्या स्वयंपाकघरात दुपारी त्याच्या जवळ पोहोचायला फार प्रयत्न करावे लागत नाहीत, आणि मागच्या जाळीला मोकळी हवा मिळाली नाही तर कम्प्रेसर थांबण्याचे नावच घेत नाही.

मृगाचा पाऊस पडला की कूलरचे गवत उतरवले जाते आणि मग हा सगळा युक्तिवाद कामाचा राहत नाही. जुलैत ३० अंशांच्या दमट हवेत घनमीटरमागे चोवीस ग्रॅमच्या आसपास वाफ असते, ती खिडकी उघडूनही कमी होत नाही, कारण बाहेरही तेवढीच आहे. त्या दिवसांत करण्यासारखे एकच उरते, ते म्हणजे दार कमी वेळा उघडणे, आणि त्याची तजवीज आईने केली आहे: सकाळी एकदाच बर्फाचा ट्रे काढून तो थर्मासमध्ये भरून ठेवायचा आणि ज्याला सरबत हवे त्याने तिथून घ्यायचे. मुलांनी हा नियम पहिल्या दिवसापासून मोडला आहे. तिने फ्रीजच्या मुठीला चिठ्ठी लावून पाहिली, मग जिन्नस कुठे ठेवले आहेत ते त्यांना पाठ करायला लावले, म्हणजे दार उघडून उभे राहणे तरी कमी व्हावे; यातला दुसरा उपाय बऱ्यापैकी लागू पडतो आहे. थोरल्याला आता डोळे मिटून सांगता येते की सोले डावीकडे मागे, कुल्फी उजवीकडे पुढे आणि ट्रे वरच्या जाळीवर, आणि कळ दाबण्याची पाळी आता चार-पाच आठवड्यांनी येते.